डॉक्टरताई, एक विचारू का? – बेटाबद्दलची दोन पत्रं

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की माझी वैद्यकीय शिक्षणाची पहिली दोन वर्षं ग्रेनेडात, कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर गेली. त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच देते आहे. दोनच पत्रं निवडली आहेत. एक आईचं, एक मुलाचं. ते एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्या आईने दुसरं पत्र आणि त्या मुलाने पहिलं जरूर वाचावं.

प्रश्न : माझी मुलगी ऑगस्टमध्ये ग्रेनेडाला एमडीसाठी निघते आहे. आमच्या घरातून इतक्या लांब कोणीच गेलेलं नाही. ती शाकाहारी आहे. सोबत काय द्यावं, काय देऊ नये? वादळांचं ऐकून पोटात गोळा येतो. आणि शिकून झाल्यावर ती भारतात परत येऊन प्रॅक्टिस करू शकेल ना?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बॅगा भरायच्या आधी त्याचं उत्तर मिळायला हवं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे परदेशी पदवीधरांसाठीचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहेत. त्यांत म्हटलं आहे की अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी, आणि शिक्षणाचा कुठलाही भाग पदवी देणाऱ्या देशाबाहेर झालेला चालणार नाही. आता बेटावरचा नेहमीचा अभ्यासक्रम बघा. चार वर्षांचा एमडी (आपल्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली पदवी), त्यातली पहिली दोन वर्षं बेटावर आणि पुढची दोन अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांत. म्हणजे देश बदलला. बारावीनंतर गेलेल्या मुलांना आधी प्री-मेड, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाआधीचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, करावा लागतो, त्याने एकूण वर्षं वाढतात, पण देश बदलण्याची अडचण तशीच राहते. 'नीट' ही आपली प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असणं आणि परत आल्यावर परवान्याची परीक्षा देणं हे वेगळंच. मी गेले तेव्हा हे नियम नव्हते. आज माझी स्वतःची भाची जायला निघाली असती, तर मी तिला म्हटलं असतं, 'अमेरिकेत डॉक्टर व्हायचं असेल तर हा रस्ता आहे. भारतात परतायचं असेल तर नाही.' नियमांचा मूळ मजकूर आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. तो मुलीसोबत बसून वाचा. एजंट तोंडी काय सांगतो त्यावर जाऊ नका. तुमच्या कॉलेजचा अभ्यासक्रम या नियमांत बसतो का, हे त्याच्याकडून लेखी मागा आणि तेही नियमांशी ताडून पाहा.

आणि अमेरिकेचा रस्ताही सरळ नाही. २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटल-प्रशिक्षणाच्या जागावाटपात, अमेरिकी नागरिक नसलेल्या, बाहेर शिकलेल्या अर्जदारांपैकी साधारण ५८ टक्क्यांना जागा मिळाली. हा आकडा घाबरवायला देत नाही. कर्जाच्या कागदावर सही करताना तो घरातल्या सगळ्यांना माहीत असावा, एवढंच.

हे सगळं समजून-उमजून ती निघाली असेल, तर आता बॅगेकडे वळू.

लष्करी छापाचा एकही कपडा देऊ नका. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची पॅन्ट, टोपी, पाठीवरची सॅकसुद्धा नको. ग्रेनेडात सामान्य नागरिकाने तसं काही घालणं कायद्याने मना आहे. स्वेटर मात्र द्या. बारा अंश उत्तर अक्षांशावरच्या बेटावर स्वेटर कशाला, असं माझ्या आईलाही वाटलं होतं. लेक्चर हॉल आणि लायब्ररीतल्या एसीत मी पहिला आठवडा ओढणी गुंडाळून काढला. चष्मा असेल तर दुसरा जोड आणि नंबरचा कागद. डासांसाठी मलम. हिंग, गोडा मसाला. बाकीच्या जेवणाची काळजी सोडा.

मला तिथल्या बाजारात पहिल्या शनिवारी अक्षरशः रडू आलं होतं, कारण समोर अळूच्या जुड्या होत्या. तिथे त्या पानांना कॅलालू म्हणतात. शेजारी नीरफणस, हिरवी केळी, नारळ. हळद 'सॅफ्रन' नावाने मिळते. ती केशर समजून कुणी चढ्या भावाने घेऊ नये. तिथला राष्ट्रीय पदार्थ ऑइल डाउन म्हणजे नीरफणस, अळूची पानं आणि हळद घालून नारळाच्या दुधात शिजवलेलं सगळं एकत्र. दूध आटून वर तेल सुटलं की झालं. त्यात खारवलेलं मांस असतं, म्हणून 'यात मीट आहे का' एवढं विचारून पुरत नाही. 'पिगटेल (डुकराची खारवलेली शेपटी) किंवा सॉल्टफिश (खारवलेला मासा) आहे का' असं नाव घेऊन विचारायला तिला शिकवा. आणि रोटी तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, बटाट्या-चण्याची भाजी भरून गुंडाळलेली. १८५७ साली मेडस्टोन नावाचं जहाज आपल्या देशातून मजूर घेऊन त्या किनाऱ्याला लागलं, त्यांच्या मागे ती रोटी तिथे राहिली.

एक गोष्ट बॅगेत घालता येत नाही, पण ती सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, कुणाला काही विचारण्याआधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून' म्हणायचं. आधी अभिवादन, मग काम. ते न करता थेट प्रश्न टाकला की समोरची बाई उत्तर देत नाही, आणि परक्या मुलांना वाटतं की इथले लोक तुसडे आहेत. आपल्याकडे कुणाच्या घरी जाऊन 'कसे आहात' न म्हणता थेट पैसे मागितले तर कसं वाटेल, तसं त्यांना वाटतं. बस म्हणजे छोटी व्हॅन. उतरायचं असलं की छतावर किंवा बाजूच्या पत्र्यावर टकटक करायची. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच, गावात नाहीत. किनाऱ्यावर मँचिनीलचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी फळं येणारं. ते फळ तोंडात घालायचं नाही आणि पाऊस आला म्हणून त्या झाडाखाली उभं राहायचं नाही. पानांवरून ओघळलेल्या पाण्यानेही अंगावर फोड येतात.

फोनचं गणित : भारत तिथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे आहे. तिचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तुमचे पहाटेचे सहा. ही वेळ दोघींना जमते. जाताना अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर तिथला व्हिसा लागतो, तो वेळेत काढा. पैसा पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये, एका अमेरिकी डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून बांधलेला आहे.

आता वादळ. १ जून ते ३० नोव्हेंबर हा मोसम. मी ग्रेनेडात उतरले २००३ साली. त्याआधीचं मोठं वादळ, जॅनेट, १९५५ चं. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत बेट वाचत आलं होतं, आणि लोक अभिमानाने म्हणत, 'देव ग्रेनेडाचाच आहे.' ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते आणि ग्राँड आन्सच्या समुद्रकिनाऱ्याजवळ एका आंटींच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. दुपारी वारा वाढला तेव्हा आंटींनी आम्हा दोघी भाडेकरूंना खाली बोलावून न्हाणीघरात बसवलं, कारण घरात तेवढीच खोली चहूबाजूंनी सिमेंटच्या भिंतींची होती. डोक्यावर गादी धरली. पत्रा उडतो तेव्हा मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात आधी खिळे निघाल्याची करकर झाली, आणि मग अचानक उजेड आला. माझ्या खोलीवरचं छप्पर गेलं होतं. बेटावरच्या दहापैकी नऊ इमारतींचं काही ना काही नुकसान झालं. ३९ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आंटींनी मातीच्या कोळशाच्या शेगडीवर सगळ्या गल्लीसाठी भात रांधला. त्यांच्या परसातली जायफळाची दोन्ही झाडं मुळासकट आडवी झाली होती. जायफळाला पहिलं फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. त्या तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. पुढे मी सामान न्यायला परत गेले तेव्हा तिथे हातभर उंचीची दोन नवी रोपं होती, भोवती काटक्यांचं कुंपण घातलेलं.

माझ्या आईला पाच दिवस माझी काहीच खबर नव्हती. म्हणून ताई, तुम्हाला सांगते, हे आधीच बोलून ठेवा की वादळानंतर काही दिवस फोन लागणार नाही, आणि न लागणं म्हणजे वाईट बातमी नव्हे. तिच्याकडे तीन दिवसांचं पाणी, टॉर्च, कोरडा खाऊ, पासपोर्ट प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत आणि थोडी रोकड असू दे. वीज गेली की एटीएमही बंद पडतं. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ ग्रेनेडाच्याच कॅरियाकू बेटावर धडकलं आणि तिथली जवळजवळ सगळी घरं मोडली. तेव्हा वादळाची तयारी कधीतरी करू म्हणून पुढे ढकलू नका. उतरल्या आठवड्यातच करायची.

प्रश्न : मी याच बेटावर दुसऱ्या टर्मला आहे. मिडटर्मला माझे मार्क पासिंगच्या खाली आले. रोज रात्री दोन-तीन वाजेपर्यंत वाचतो, तरी परीक्षेत सगळं धूसर होतं. घरी विचारलं की 'मस्त चाललंय' म्हणतो. आल्या आल्या टाकलेल्या समुद्राच्या फोटोंवर मित्र अजून 'ऐश आहे' लिहितात. बाबांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलं आहे. शिवाय अमेरिकेतही आणि आपल्याकडेही 'बेटावरचा डॉक्टर' म्हणजे दुय्यमच समजतात. सोडून द्यावं का?

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पत्राखाली पहाटे ३.४० ही वेळ टाकली आहेस. म्हणून पहिलं हे : दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप लागत नसेल, अन्नावर वासना नसेल, किंवा आपण नसतो तर बरं असं एकदाही मनात आलं असेल, तर हे उत्तर खाली ठेव आणि आजच कॅम्पसवरच्या समुपदेशकाकडे जा. खोलीतल्या सोबत्याला सांगून जा. मी डॉक्टर म्हणून सांगते आहे, आणि त्या इमारतीची पायरी स्वतः चढलेली म्हणूनही.

आता अभ्यास. तू जे करतो आहेस तेच मी करत होते. तीन रंगांच्या पेनांनी नोट्स, त्यांवर रेघा, परत वाचन. पान ओळखीचं वाटलं की आपल्याला ते येतं असं वाटतं, आणि सगळी फसगत तिथेच होते. माझी अॅनॅटॉमीची पहिली परीक्षा गेली, तेव्हा एका सीनियरने माझी वही मिटली आणि म्हटलं, ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, काढून दाखव. काढता आला नाही. आदल्या रात्री चार तास तेच वाचलं होतं. त्या संध्याकाळी मी ग्राँड आन्सच्या ओल्या वाळूत काटकीने तो काढायला बसले. सी-५ ते टी-१, पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, शेवटी पाच शाखा. चुकलं की पुस्तकात बघायचं, पाय फिरवून पुसायचं, परत काढायचं. सातव्या वेळेला न बघता जमला. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत, मग आठवड्याने. आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी तो येतो. तुझ्या समुद्राच्या फोटोंवर 'ऐश' म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. तू त्यांना दाखवलेलंच नाहीस.

पुस्तक मिटून आठवायचं, हा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे चुकांची वही. मिडटर्मचा निकाल तुला विषयवार मिळाला असेल, सरावाचे प्रश्नही तू सोडवत असशील. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका खणात टाक : माहीतच नव्हतं, माहीत होतं पण दोन गोष्टींची सरमिसळ झाली, आणि प्रश्नच नीट वाचला नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चाळीस चुकांपैकी 'माहीतच नव्हतं' मध्ये अकराच बसल्या. बाकीच्या सगळ्या इतर दोन खणांत. म्हणजे मी रात्री जागून जे जास्तीचं वाचत होते त्याचा उपयोग फक्त अकरा प्रश्नांना होता. सरमिसळीवर इलाज म्हणजे त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडणं. घाईने वाचण्यावर इलाज म्हणजे प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचणं आणि झोप. रात्री बारानंतर वाचायचं नाही. हे तुला अशक्य वाटेल. दोन आठवडे करून बघ. सीनियर घेतात ती शिकवणीची सत्रं लाज वाटते म्हणून सोडू नकोस. ज्यांना सगळं येतं अशी तुझी समजूत आहे, ते तिथे तुझ्या आधी जाऊन बसलेले दिसतील.

सोडावं का, या प्रश्नाला 'धीर धर' हे उत्तर मी देणार नाही. सोडणं हाही एक निर्णय आहे आणि काहींसाठी तो बरोबर असतो. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिसऱ्या टर्मनंतर गेली, सार्वजनिक आरोग्यात शिकली, आज त्यात मन लावून काम करते. पण तो निर्णय पहाटे पावणेचारला घ्यायचा नसतो. दिवसा डीनच्या कार्यालयात जा आणि चार गोष्टी लिहून आण : टर्म परत करता येते का आणि किती वेळा, तेच विषय जास्त काळात विभागून घेता येतात का, रजा घेतली तर जागा राहते का, आणि आता बाहेर पडलं तर कुठल्या तारखेपर्यंत किती फी परत मिळते. मग कर्जाचे आकडे शेजारी मांड. दुसऱ्या टर्मनंतर सोडलं तर डोक्यावर किती राहतं, चौथीनंतर किती. जायचंच असेल तर दुसरीनंतर जाणं चौथीपेक्षा खूप स्वस्त पडतं, हे कुणीतरी तुला स्पष्ट सांगायला हवं.

आणि ते आकडे तू एकट्याने मांडू नकोस. घर बाबांनी गहाण ठेवलं आहे, म्हणजे या हिशेबात ते तुझ्याइतकेच आहेत. तुला वाटतं आहे की तू त्यांना त्रासातून वाचवतो आहेस. मी नापास झाल्याचं माझ्या वडिलांपासून अडीच महिने लपवलं. शेवटी सांगितलं तेव्हा ते निकालाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, 'अडीच महिने तू एकटीच होतीस?' ते वाक्य मला अजून लागतं.

राहिला 'बेटावरचा डॉक्टर'. होय, म्हणतात. मलाही म्हणाले. पण तुझ्या पत्रात मला एक गोष्ट खटकली, रागावू नकोस. पानभर पत्रात त्या बेटावरचा एकही माणूस नाही. कॉलेज, मार्क, कर्ज, अमेरिका, घर. जणू तू विमानतळावर बसला आहेस आणि पुढच्या विमानाची वाट बघतो आहेस.

माझ्या आंटींना मधुमेह होता. दर बुधवारी त्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि पाय दाखवायला जायच्या. एकदा मी सोबत गेले. तिथल्या नर्सने मला विद्यार्थिनी म्हणून यंत्र हातात दिलं. मी घाईने पट्टा बांधला, तर तिने तो सोडवला. 'पाच मिनिटं त्यांना शांत बसू दे. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. आणि मोजताना बोलायचं नाही.' मग आंटींच्या चपला काढून तिने बोटांच्या बेचक्यात बघायला शिकवलं, कारण मधुमेहात जखम दुखत नाही, ती शोधावी लागते. पुढच्या वीस वर्षांत मी मोठमोठ्या हॉस्पिटलांत काम केलं. रक्तदाब मोजताना त्या नर्सइतकी काळजी घेणारं माणूस मला क्वचित दिसलं. मी आजही रेसिडेंट मुलांना तिच्याच शब्दांत शिकवते. मला कुणी 'बेटावरची' म्हटलं की मला त्या केंद्रातलं लाकडी बाक आठवतं.

या शनिवारी सकाळी लायब्ररीत जाऊ नकोस. एक नंबरच्या बसने सेंट जॉर्जेसच्या, म्हणजे राजधानीच्या, बाजारात जा. चढताना 'गुड मॉर्निंग' म्हण. अळूची जुडी घे, आणि विकणारीला विचार की ती घरी कशी करते. पूर्ण ऐकून घे. जेवून झोप. मग रात्री साडेआठला, तिकडे पहाटेचे सहा वाजले असतील, बाबा उठलेले असतील, तेव्हा फोन लाव आणि मिडटर्मचे मार्क सांग. आकड्यासकट सांग.

डीनच्या कार्यालयातून काय कळलं ते मला लिहून पाठव. पुढच्या अंकात छापायला नको, माझ्यासाठी.